सिकलसेलसाठी धावा, पण रुग्णाला पळवू नका



मुंबईत २००४ सालापासून मॅरेथॉन भरते. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची. बक्षिसासाठी धावणारे त्यात मोजकेच. पुष्कळ जण एखाद्या चांगल्या कामासाठी देणग्या गोळा करून धावतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलसाठी असे गावातही करता येईल. ४२ किलोमीटर कशाला? शाळेपासून पाझर तलावापर्यंत आणि परत, एवढे पुरे.

मात्र ज्याला हा आजार आहे, त्याला उत्साहाच्या भरात पळवू नका. सिकल म्हणजे विळा. या रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असे ठणकतात की माणूस लोळतो. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला, अतिश्रम झाले, की दुखणे उठते.

आता हेच शेतावर बघा. उन्हात निंदायला आलेली बाई दुपारीच बांधावर बसली, तर आपण काय म्हणतो? कामचुकार! मीही एकदा म्हटले होते. तिला सिकलसेल आहे हे मागाहून कळले. तेव्हापासून शेतीशाळेत पाण्याची घागर आधी ठेवतो, फवारणीचे मग बोलतो.

हा आजार आईबापांकडून येतो. शिवाशिवीने होत नाही, शापाने तर नाहीच. वाहक माणूस सहसा धडधाकट दिसतो, तिथेच फसगत होते. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून आपण उगवण तपासतोच ना? मग सोयरीक जुळवण्याआधी दोघांचे रक्त तपासायला लाज कसली? पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. त्यात दोष दिसला, तर वाहक की रुग्ण हे पुढच्या तपासणीत कळते.

जमलेल्या पैशातून रुग्णाचे दवाखान्यात जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्या. सरपंचांनी हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल धरलेला आहे. प्रमाणपत्राच्या कामात रुग्णाला मदत करा.

शर्यतीच्या दिवशी आरोग्य केंद्राला तपासणीचे टेबल धावपट्टीजवळच मांडायला सांगा. रुग्ण मुलांना स्वेटर घालून, पाण्याची बाटली देऊन टेबलाशी बसवा. कोण कितवा आला, हे त्यांनीच लिहायचे.