आतिथ्य व पवित्र स्थान, ख्रिस्ती धर्मग्रंथांतील
परक्याचे स्वागत आणि ईश्वराच्या सान्निध्याने पावन झालेली जागा या दोन कल्पनांचा बायबलमध्ये निकटचा संबंध आहे. मात्र तो सरळ नाही. पवित्र स्थानाला सीमा लागते, तर आतिथ्यात सीमा ओलांडू द्यावी लागते. हा ताण जुन्या करारापासूनच दिसतो.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम मम्रे येथे भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला असता तीन अनोळखी पुरुष येतात. तो धावत सामोरा जातो, पाय धुण्यास पाणी देतो आणि भाकरी, दूधदही व वासराचे मांस वाढतो. ते ईश्वराकडून आले आहेत, हे त्यास मागाहून उमगते. येथे मंदिर नाही, वेदीचाही उल्लेख नाही. भेटीचे ठिकाण म्हणजे पाहुण्यासाठी मांडलेले जेवण होय. इब्री लोकांस पत्रात याच प्रसंगाकडे संकेत करून आतिथ्याचा उपदेश केला आहे. त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये योजलेल्या ‘फिलोक्सेनिया’ या शब्दाचा धात्वर्थ ‘परक्यावरील प्रेम’ असा आहे.

यरुशलेमच्या मंदिरात मात्र पावित्र्याच्या पायऱ्या आखलेल्या होत्या. शलमोनाच्या प्रार्थनेत दूरदेशीच्या परक्याचीही विनवणी ऐकावी अशी याचना आहे आणि यशयाने मंदिरास सर्व राष्ट्रांचे प्रार्थनागृह म्हटले आहे. तरीही येशूच्या काळातील मंदिरात परराष्ट्रीयांनी आतील आवारात पाऊल टाकल्यास मृत्यू ओढवेल, असा इशारा होता. तो कोरलेली ग्रीक शिला १८७१ मध्ये सापडली. येशूने मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलताना यशयाचेच वचन उच्चारले, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते.

नव्या करारात पवित्र स्थान इमारतीकडून माणसांकडे सरकते. पौल मंडळीलाच देवाचे मंदिर म्हणतो. अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनी अनोळखी सोबत्यास मुक्कामाचा आग्रह केला आणि त्याने भाकर मोडताच त्यांस येशूची ओळख पटली. पाहुणाच येथे यजमान झाला. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या घरांतूनच भरत. सिरियातील दूरा-युरोपस येथे तिसऱ्या शतकातील असे एक उपासनागृह उत्खननात मिळाले आहे. पण घरातही भेद शिरत. करिंथ येथे श्रीमंत आधी जेवून घेत व गरीब उपाशी राहत. अशा भोजनास प्रभुभोजन म्हणण्यास पौलाने नकार दिला.

महाराष्ट्रात हा प्रश्न पंक्तिभेदामुळे अधिक तीव्र झाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस काढलेले व १८९० मध्ये पुण्यास आणलेले शारदासदन हे त्याचे बोलके उदाहरण होय. तेथील विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मुभा होती आणि संस्थेने धर्माबाबत तटस्थ राहण्याचे आश्वासन दिले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत दार उघडे ठेवून करीत. मुली तिला बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले व काही पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार हे रमाबाईंच्या दृष्टीने श्रद्धेचे व आतिथ्याचे अंग होते. सल्लागारांच्या दृष्टीने तो विश्वासाचा भंग होता. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांना जेवावयास बोलवावे, असे लूकचे शुभवर्तमान सांगते. परंतु आश्रित हा पाहुण्याइतका स्वतंत्र नसतो, आणि सल्लागारांच्या आक्षेपात एवढे तथ्य मान्य करावेच लागते. केडगावच्या मुक्तिसदनात हा संदेह उरला नाही. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्तसेवा संघाने पुण्यातील आश्रमात इंग्रज व भारतीय यांचे समान पातळीवरील सहजीवन चालविले. खादी, शाकाहार व जमिनीवर बसून सहभोजन ही त्याची अंगे होती. राज्यकर्त्या समाजातील माणसाने येथे पाहुण्याची भूमिका पत्करली, हे त्यातील विशेष. १९७२ पासून तेथे कॅथलिक व अँग्लिकन भगिनींनी एकत्र येऊन आश्रमजीवन पुन्हा सुरू केले.

पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात कारखान्यांमुळे नाना प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबे स्थायिक झाली. मराठीप्रमाणेच मलयाळम, तमिळ इ. भाषांतही तेथे उपासना चालतात. स्वभाषेतील उपासना परमुलखात आलेल्याला आधार देते, पण ती भाषा न जाणणारा शेजारी त्याच उपासनेत परका राहतो.