एक नाव, तीन जर्सी
सामोआच्या तुइलांगी बंधूंची रग्बीतली कहाणी

क्रिकेटवेड्या आपल्या भागात रग्बी हा खेळ परकाच म्हणायला हवा. टीव्हीवर चॅनेल बदलताना चिखलात एकमेकांवर कोसळणारे धिप्पाड गडी दिसतात आणि आपण पुढे सरकतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जपला. अभिनेता राहुल बोस 1998 साली भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघातून खेळला, एवढीच काय ती आपली ओळख. खेळ समजायला मात्र कठीण नाही. एका बाजूला पंधरा जण. लंबगोल चेंडू हातात घेऊन समोरच्यांची रेषा ओलांडायची, चेंडू जमिनीला टेकवायचा, म्हणजे 'ट्राय' झाला. हाताने चेंडू फेकायचा तो मागेच, पुढे नाही. आणि चेंडू ज्याच्या हाती, त्याला प्रतिस्पर्धी अंगाला भिडून खाली पाडणार. थोडक्यात, पळणारा हवा, पाडणारा हवा आणि पडून पुन्हा उठणाराही हवा.

या खेळातल्या संघांच्या याद्या वाचताना एक गंमत लक्षात येते. इंग्लंडच्या यादीत तुइलांगी. फ्रान्सच्या यादीतही तुइलांगी. स्कॉटलंडचा कर्णधार तुइपुलोतु, न्यूझीलंडच्या संघात तुइपुलोतु आणि वेल्सच्या महिला संघातही तुइपुलोतुच! ही नावे इंग्रज, फ्रेंच किंवा स्कॉटिश नाहीत हे सांगायला कोणी भाषातज्ज्ञ नको. मग ती तिथे पोहोचली कशी? त्यांतल्या एका नावाचा माग काढला, तरी प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाची सुखदुःखे हाती लागतात.

नावात दडलेले आकाश

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट हे तीन बिंदू नकाशावर जोडले की जो प्रचंड त्रिकोण होतो, तो पॉलिनेशिया. त्यात पाणीच जास्त, जमीन थोडी. या त्रिकोणातल्या भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. आकाशाला सामोआत 'लाङी' म्हणतात, टोंगातही तसेच. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत तेच 'राङी' होते आणि हवाईत 'लानी'. हजारो मैलांच्या समुद्राने वेगळे केलेल्या लोकांनी आकाश मात्र एकच ठेवले.

'तुई' म्हणजे राजा, अधिपती. टोंगाच्या जुन्या सम्राटांना 'तुई टोंगा' म्हणत, सामोआच्या पूर्वेकडच्या मानुआ बेटांच्या अधिपतीला 'तुई मानुआ'. तेव्हा तुइलांगी म्हणजे आकाशाचा राजा. एकोणिसाव्या शतकात लंडनहून आलेल्या मिशनऱ्यांनी सामोअन भाषेला रोमन लिपी दिली आणि या अनुनासिक उच्चारासाठी एकटे 'जी' हे अक्षर योजले. त्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा 'तुइलागी' म्हणतो आणि फसतो. आपल्या वर्णमालेत मात्र या उच्चारासाठी 'ङ' केव्हाचा तयार बसला आहे! लहानपणी पाटीवर गिरवलेले आणि पुढे एकटे क्वचितच भेटलेले हे अक्षर; 'तुइलाङी' लिहिताना ते कामी येते. वाचनाच्या सोयीसाठी पुढे आपण तुइलांगीच म्हणू.

पदवी की आडनाव?

नावाची ही घडण आडनावाची नाही, पदवीची आहे. सामोआत प्रत्येक विस्तारित कुटुंबाला 'आइंगा' म्हणतात. या कुटुंबाकडे परंपरेने आलेल्या पदव्या असतात आणि कुटुंबातली मंडळी एकत्र बसून, विचारविनिमय करून, कोणाला तरी ती पदवी देतात. अशा पदवीधारकाला 'मताई' म्हणतात. समारंभ थाटात होतो, 'आवा' नावाच्या मुळीचे पेय फिरते, बारीक विणीच्या मौल्यवान चटया भेट दिल्या जातात आणि त्या दिवसापासून माणसाच्या नावाआधी ती पदवी लागते. 2021 ते 2025 या काळात पंतप्रधान असलेल्या फियामे नाओमी माताआफा यांच्या नावातले 'फियामे' ही अशीच पदवी. सामोआची संसदेची निवडणूक लढवायची तर आजही उमेदवार मताई असावा लागतो. हॉलिवूडचा नट ड्वेन जॉन्सन याची आई सामोअन वंशाची. त्यालाही 2004 साली तिथले राष्ट्रप्रमुख मालिएतोआ तानुमाफिली दुसरे यांनी 'सेइउली' ही पदवी दिली.

आपल्याकडच्या देसाई, सरदेसाई, नाडगौडा, देशपांडे, पाटील या नावांची इथे आठवण होणे साहजिक आहे. तीही मुळात कामाची, अधिकाराची नावे. पण आपल्याकडे वतने कायद्याने गेली आणि नाव तेवढे मागे उरले. कॉलेजात हजेरी घेताना एकाच वर्गात सहा-सात पाटील निघतात. त्यांतल्या एकाही मुलाकडे गावचा कारभार नसतो. सामोआत उलटे आहे. तिथे पदवीच्या मागे जबाबदारी अजून शाबूत आहे. देशातली सुमारे 80 टक्के जमीन परंपरेने कुटुंबांची आहे आणि तिची देखरेख मताईकडे असते. पदवी व्यक्तीची नव्हे, घराण्याची. मताई नीट वागला नाही तर ती परतही घेता येते. अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते, अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे. वडीलधाऱ्यांची, घराची, गावाची सेवा केल्याशिवाय तिथे मोठेपण मिळत नाही.

सहा भाऊ, एक क्लब

सामोआचे क्षेत्रफळ गोव्याहूनही कमी आणि वस्ती दोन लाखांच्या आसपास. त्यातल्या सावाई बेटावर फोंगापोआ नावाचे गाव आहे. तिथल्या तुइलांगी घरात जन्मलेले सहा भाऊ इंग्लंडच्या लेस्टर टायगर्स या नामांकित क्लबाकडून खेळले. थोरला फेरेती, सगळे त्याला फ्रेडी म्हणतात. तो आधी तेरा जणांच्या 'रग्बी लीग' प्रकारात हॅलिफॅक्स आणि सेंट हेलेन्स या क्लबांकडून खेळला आणि 2000 साली लेस्टरला आला. वाट पडली ती अशी. मागोमाग हेन्री आला, आलेसाना आला, अनितेलेआ आणि वावाए आले. एका भावाने परक्या गावात खोली घ्यायची आणि एकेकाला बोलावून घ्यायचे, ही तऱ्हा आपल्याकडे आखातात गेलेल्यांच्या किंवा गोव्यातल्या तारवटींच्या घरांना नवी नाही.

हे पाचही भाऊ आंतरराष्ट्रीय सामने खेळले ते सामोआकडून. आलेसानाने 2011 च्या विश्वचषकात नामिबियाविरुद्ध तीन ट्राय केले. त्याच स्पर्धेत दातांच्या संरक्षक पट्टीवर कंपनीचे नाव दिसले म्हणून त्याला 10,000 न्यूझीलंड डॉलरचा दंड झाला. श्रीमंत देशाच्या खेळाडूला हा दंड म्हणजे किरकोळ गोष्ट. सामोआच्या खेळाडूंचे तसे नाही. त्यांच्या संघाच्या पैशाच्या अडचणी तेव्हाही जगजाहीर होत्या.

धाकटा मनू. त्याच्या पूर्ण नावात 'मनुसामोआ' आहे आणि सामोआच्या राष्ट्रीय रग्बी संघालाही 'मनू सामोआ'च म्हणतात. त्याचा जन्म मे 1991 चा. त्याच वर्षी ऑक्टोबरात, देशाचे नाव 'वेस्टर्न सामोआ' असताना, या संघाने विश्वचषकात वेल्सला कार्डिफमध्ये, म्हणजे त्यांच्याच अंगणात, 16-13 असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. रग्बीच्या इतिहासातल्या मोठ्या धक्क्यांमध्ये हा निकाल अजून मोजला जातो. नावातच आपल्या देशाचा संघ घेऊन आलेला हा मुलगा पुढे इंग्लंडसाठी खेळला!

व्हिसा, नोटीस आणि शर्ट

मनू 2004 साली, तेरा वर्षांचा असताना, भावांकडे इंग्लंडला आला तो पर्यटकाच्या व्हिसावर, आणि राहिला. लेस्टरमध्येच शिकला, खेळला, मोठा झाला. 2010 मध्ये, क्लबाच्या मुख्य संघाच्या उंबरठ्यावर असताना, देश सोडून जाण्याची नोटीस आली. कायद्याच्या बाजूने पाहिले तर सरकारचे चुकले नव्हते; मुदत केव्हाच संपली होती. पण तेराव्या वर्षी भावांच्या मागे आलेल्या पोराला कागदपत्रांचा हिशेब कोण विचारतो? क्लबाने बाजू लढवली, चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि त्याच वर्षी त्याला कायम राहण्याची परवानगी मिळाली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2011 मध्ये, वेल्सविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने ट्रायही केला. ज्या देशातून त्याला घालवणार होते, त्याच देशाचा शर्ट आता त्याच्या अंगावर होता. त्याच वर्षीच्या विश्वचषकात एक भाऊ सामोआच्या निळ्या जर्सीत, तर दुसरा इंग्लंडच्या पांढऱ्या. 2019 च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला मनूने ट्राय केला आणि इंग्लंड 19-7 असे जिंकले. अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेने त्यांना हरवले. दुखापतींनी या गड्याला फार छळले. तरीही मार्च 2024 पर्यंत त्याने इंग्लंडसाठी 60 सामने खेळले आणि मग तो फ्रान्समधल्या बायोन क्लबात गेला.

तिसरी जर्सी फ्रान्सची. हेन्री तुइलांगी लेस्टरनंतर दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्याँ क्लबात खेळायला गेला आणि त्याचा मुलगा पोसोलो तिथेच वाढला. वजन 140 किलोहून अधिक! 2023 मध्ये फ्रान्सच्या 20 वर्षांखालील संघाने जगज्जेतेपद मिळवले, त्या संघात तो होता. फेब्रुवारी 2024 मध्ये इटलीविरुद्ध तो फ्रान्सच्या मुख्य संघातून मैदानात उतरला. काका इंग्लंडचा, बाप सामोआचा, मुलगा फ्रान्सचा, आणि तिघांचे नाव आकाशाच्या राजाचे.

नफा कोणाचा, तोटा कोणाचा?

वाचायला हे सारे सुरस वाटते. सामोआतल्या माणसाला ते तेवढेच सुरस वाटत असेल का? घरून माणूस गेला की घरी पैसा येतो. लग्न, मयत, पदवीदान, चर्चचे काम, अशा प्रत्येक प्रसंगी कुटुंबाने हात सैल सोडायचा असतो. या जबाबदारीला तिकडे 'फाअलावेलावे' म्हणतात. परदेशातून येणाऱ्या पैशावर देशाचा मोठा डोलारा उभा आहे. युरोपात खेळणारा एक मुलगा म्हणजे गावाकडची कित्येक घरे. त्याने जास्त पैसे देणारा क्लब किंवा देश निवडला, तर त्याला दूषण देणे सोपे आहे. पण तो घरातल्यांसाठीच ते करत असतो.

आणि तरीही, या देवघेवीत एक बाजू रिकामी होत जाते. 2023 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि सामोआ लील या फ्रेंच शहरात समोरासमोर आले. मनू तेव्हा इंग्लंडच्या चमूत होता. इंग्लंड जिंकले, पण कितीने? 18-17, अवघ्या एका गुणाने. दोन लाखांच्या देशाने रग्बीची जन्मभूमी जेमतेम सुटू दिली. बाहेर गेलेली पोरे परत आली तर काय होईल, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल.

थोडी दुरुस्ती झाली आहे. पूर्वी एका देशाकडून मुख्य सामना खेळला की बहुतेकांना दुसरा देश बंद होई. जानेवारी 2022 पासून नियम बदलला. तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला खेळाडू आता एकदाच, आपल्या जन्माच्या किंवा आईवडील, आजी-आजोबांच्या देशाकडे जाऊ शकतो. याचा लाभ सामोआ आणि टोंगा यांना झालाही. त्याच वर्षी 'मोआना पासिफिका' हा बेटांच्या खेळाडूंचा क्लब 'सुपर रग्बी' या मोठ्या स्पर्धेत दाखल झाला. मात्र कारकिर्दीची उमेदीची वर्षे दुसऱ्याला दिल्यावर मायभूमीच्या वाट्याला बहुधा उतरणच येते.

रुपयांच्या चांदीचा करंडक

तुइपुलोतु हे दुसरे नावही असेच मोठे. 'पुलोतु' म्हणजे टोंगा आणि सामोआच्या पुराणकथांतले मृत्यूनंतरचे जग. एक नाव आकाशाचे, दुसरे परलोकाचे! हे नाव लावणारे सगळे एका घरातले नव्हेत. न्यूझीलंडकडून 2014 पासून खेळलेला पॅट्रिक सामोअन वंशाचा, तर वेल्सच्या महिला संघातली सिसिलिया टोंगन कुटुंबातली. सिओने तुइपुलोतु मेलबर्नजवळचा; आजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकची, म्हणून तो स्कॉटलंडकडून खेळला, 2024 मध्ये त्या संघाचा कर्णधार झाला आणि 2025 मध्ये ब्रिटिश-आयरिश 'लायन्स' संघातून ऑस्ट्रेलियाला, म्हणजे जन्मभूमीविरुद्धच, खेळायला गेला.

या नावांचा एक धागा आपल्या देशापर्यंतही येतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या करंडकासाठी लढतात, त्याचे नाव 'कलकत्ता कप'. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी बँकेतले उरलेले चांदीचे रुपये काढून ते वितळवले आणि त्यांचा करंडक घडवून घेतला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. 1879 पासून त्यासाठी सामने होत आहेत. मनू इंग्लंडकडून आणि सिओने स्कॉटलंडकडून, वेगवेगळ्या वर्षी, याच करंडकासाठी झुंजले आहेत. हिंदुस्थानच्या रुपयांची चांदी, इंग्रजांचा खेळ आणि त्यासाठी घाम गाळणारे पॉलिनेशियन राजे!

वाचकहो, पुढच्या वेळी चॅनेल बदलताना त्या चिखलात असे एखादे नाव पाठीवर दिसले, तर क्षणभर थांबा. शर्ट कोणत्याही देशाचा असो. ते नाव त्या एकट्या गड्याचे नाही. दूर समुद्रात, गोव्याहून लहान असलेल्या एका देशात, त्या नावाला जपणारी म्हातारी माणसे पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेली असतील. शर्टाच्या रंगाची त्यांना खंत असेलही, पण पोरगा पडून पुन्हा उठला की ती आपल्याच घराचे नाव घेऊन ओरडतील.