फॅक्स अजून कां टिकून आहे?

नवें साधन आलें कीं जुनें आपोआप लुप्त होतें, असा एक सर्वसाधारण समज आहे. भारतांतील तारेच्या बाबतींत तो खरा ठरला. तारवाला दाराशीं आला कीं एके काळीं घरांतील माणसांच्या काळजाचा ठोका चुकत असे. ती तार १४ जुलै २०१३ च्या रात्रीं कायमची बंद झाली. परंतु तारेचाच धाकटा भाऊ म्हणावा असा जो फॅक्स, तो संगणकाच्या व ई-मेलच्या या युगांतहि कित्येक कचेऱ्यांत ठाण मांडून बसला आहे. नवल असें कीं, यंत्रविद्येंत अग्रेसर गणल्या जाणाऱ्या जपानांतच त्याचें ठाणें विशेष भक्कम आहे. असें कां व्हावें?

फॅक्स ही आजकालची युक्ति नव्हे. स्कॉटलंडचा अलेक्झांडर बेन नांवाचा एक घड्याळजी होता. त्यानें १८४३ सालींच तारेवरून अक्षरांची नक्कल पाठविण्याच्या साधनाचें पेटंट मिळविलें. म्हणजे बेलच्या टेलिफोनच्या पेटंटपूर्वीं तेहतीस वर्षें! पुढें इटालियन धर्मोपदेशक जिओव्हानी कासेली यानें या कल्पनेंत सुधारणा केली, आणि १८६५ सालीं फ्रान्समध्यें पॅरिस व लिआँ या शहरांच्या दरम्यान अशी सेवा लोकांसाठीं खुली झाली. तिचा एक मुख्य उपयोग कोणता होता? पेढीच्या व्यवहारांतील सह्या पडताळून पाहणें! ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तार शब्द पोंचवी, फॅक्स सही पोंचवी. आणि सहीची गरज शब्दांहून चिवट असते.

साध्या टेलिफोनला जोडतां येईल असें यंत्र अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीनें १९६६ सालीं बाजारांत आणलें. एक पृष्ठ धाडण्यास त्याला सुमारें सहा मिनिटें लागत. १९८० सालीं सर्व राष्ट्रांना मान्य असा नियम ठरला, पृष्ठाला लागणारा वेळ मिनिटाच्या आंत आला, आणि कोणत्याहि कंपनीचें यंत्र दुसऱ्या कोणत्याहि कंपनीच्या यंत्राशीं बोलूं लागलें.

हें बोलणें चालतें कसें? यंत्र कागदाकडे एका वेळीं एका बारीक ओळीपुरतें पाहतें. त्या ओळीचे १७२८ ठिपके पाडून प्रत्येक ठिपका काळा कीं पांढरा एवढेंच तें ठरवितें. मग प्रत्येक ठिपका स्वतंत्र न सांगतां, ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ अशी मोजदाद सांकेतिक रूपांत करून ती ध्वनीच्या द्वारें टेलिफोनवरून धाडतें. पलीकडील यंत्र त्या हिशेबाबरहुकूम कागदावर ठिपके उमटवितें आणि पान पोंचल्याचें उलट कळवितें. तेवढ्यावरून पाठविणाऱ्याच्या हातीं पोंचपावतीचा कागद पडतो.

या यंत्राला अक्षर ओळखतां येत नाहीं. आणि जपानांत हेंच त्याचें सामर्थ्य ठरलें. जपानी लेखनांत हजारों चिन्हें असल्यामुळें टंकलेखन हें फार किचकट काम असे. फॅक्सला सर्व लिप्या सारख्याच. जपानी चित्रलिपि काय किंवा महाराष्ट्रांतील मोडी काय, त्याला केवळ काळें-पांढरें दिसतें. १९७२ सालीं तेथील टेलिफोनच्या तारांवर अशीं यंत्रें जोडण्याची मोकळीक मिळाली, आणि हातानें लिहावें, वर आपला शिक्का उमटवावा व कागद यंत्रांत सरकवावा, ही रीत दुकानांत व कचेऱ्यांत रुजली. ज्या वृद्ध दुकानदाराला संगणक वापरतां येत नाहीं, तोहि छापील तक्त्यांत आंकडे भरून घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी धाडूं शकतो. त्याला नवें कांहींच शिकावें लागत नाहीं.

परंतु या सोयीची किंमत २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत दिसून आली. डॉक्टरांनीं प्रत्येक रुग्णाची माहिती हातानें लिहून फॅक्सनें आरोग्यकेंद्राकडे धाडावी, आणि तेथील थकल्याभागल्या माणसांनीं तीच पुन्हा संगणकांत भरावी, असा दुहेरी खटाटोप चालला होता. त्याविरुद्ध ओरड झाल्यावर मे २०२० मध्यें सरकारनें संगणकावर थेट नोंद करण्याची व्यवस्था सुरू केली. पुढील वर्षीं प्रशासन-सुधारणा मंत्री तारो कोनो यांनीं सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स हद्दपार करण्याचा घाट घातला. तेव्हां खात्याखात्यांतून शेंकडों हरकती आल्या. न्यायालयाचें व पोलिसांचें गुप्त कामकाज ई-मेलवर सोंपविणें धोक्याचें आहे, हा त्यांतील मुख्य आक्षेप होता. अखेर तो बेत मागें पडला.

हा आक्षेप कितपत खरा? टेलिफोनच्या तारेवरून जाणारा कागद दूरदेशींच्या चोराला सहज सांपडत नाहीं, हें खरें. परंतु फॅक्सचा मजकूर सामान्यतः कुलपांत बंद करून धाडलेला नसतो. एक आंकडा चुकला कीं रुग्णाचा अहवाल भलत्याच्याच हातीं पडतो. बरोबर पोंचला तरी तो यंत्राच्या तबकांत येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेखालीं उघडा पडून राहतो. शिवाय पोंचपावती सांगते ती यंत्राला कागद मिळाल्याची. तो माणसानें वाचला कीं नाहीं, हें ती सांगत नाहीं.

म्हणून इतर देशांनीं निराळा मार्ग धरला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २०१८ सालीं आठ हजारांहून अधिक फॅक्सयंत्रें आढळलीं. तेव्हां जानेवारी २०१९ पासून नव्या खरेदीस बंदी करून ३१ मार्च २०२० पर्यंत जुनीं काढून टाकण्याचा हुकूम निघाला. जर्मनींत १ जानेवारी २०२२ पासून वकिलांना न्यायालयांत कागदपत्रें विद्युत्-मार्गानेंच दाखल करावीं लागतात. मात्र त्यापूर्वीं वकिलांसाठीं विश्वासार्ह अशी स्वतंत्र विद्युत्-टपालपेटी उभारली गेली होती, हें विसरतां येत नाहीं.

यावरून बोध घ्यावयाचा तो असा कीं, साधन केवळ सवयीनें टिकत नाहीं. पाठविणाऱ्याची सही, पोंचल्याची खूण आणि अशिक्षित हातालाहि जमेल असा सोपेपणा, या तिन्ही गोष्टी फॅक्सनें बऱ्या-वाईट रीतीनें एकत्र पुरविल्या. ज्या नव्या व्यवस्थेंत त्या तिन्ही आधीं पुरविल्या जातील, तेथून फॅक्स मुकाट्यानें निघून जाईल; जेथें आधीं हुकूम निघेल आणि सोय मागून येईल, तेथें वयोवृद्ध दुकानदार व दूर गांवचा रुग्ण यांचीच वाट अडेल.