संगणकातील भाषेचे दप्तर : एक वही की अनेक नस्त्या?

हजेरीपटावर काळे हे आडनाव आधी यावे की कावळे? मराठी वर्णमालेत 'ळ' हा वर्ण 'ह'नंतर येतो. त्यामुळे कावळे, काशीद, काळे असा क्रम कोणताही शिक्षक सहज लावील. संगणकास मात्र अक्षरांचे केवळ क्रमांक ठाऊक असतात. युनिकोड या संकेतप्रणालीत 'ळ'ची जागा 'ल' आणि 'व' यांच्या दरम्यान आहे. निव्वळ क्रमांकांवर विसंबल्यास काळे सर्वांच्या आधी येऊन बसतात.

यास्तव प्रत्येक भाषेचे व प्रदेशाचे नियम संगणकात निराळे नोंदवून ठेवावे लागतात. त्यांस 'लोकेल' सामग्री म्हणतात. लिनक्स प्रणालीतील 'ग्लिबसी' या पायाभूत कार्यसंचात या सामग्रीचे १२ विभाग आहेत. वर्णांचे प्रकार, अनुक्रम, तारीख, संख्या, चलन, पत्ता, फार काय, कागदाचा आकारही त्यांत येतो. एक लाखाची रक्कम १,००,००० अशी लिहावयाची की १००,००० अशी, याचा निर्णयही येथेच होतो.

ही सामग्री साठविण्याच्या दोन पद्धती आहेत. दप्तरखान्यात प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र नस्ती ठेवावी, की सर्व नोंदी एकाच जाडजूड वहीत बांधाव्यात, तसाच हा प्रश्न होय. पहिल्या पद्धतीत प्रत्येक भाषेचा स्वतंत्र कप्पा असतो व त्यात विभागवार फाइली असतात. नवी भाषा हवी असल्यास कप्पा आणून ठेवावा, नको असल्यास काढून टाकावा. व्यवस्था सुटसुटीत आहे. परंतु भाषेचे नियम मागणारा प्रत्येक कार्यक्रम सुरू होताना १२ विभागांच्या फाइली शोधणे, उघडणे व मिटणे हे सोपस्कार पुनःपुन्हा करावे लागतात. एका कार्यक्रमापुरता हा वेळ नगण्यच. पण एखाद्या कामात हजारो छोटे कार्यक्रम एकामागून एक चालत असतील, तर तो साचत जातो.

दुसऱ्या पद्धतीत सर्व भाषा 'लोकेल-आर्काइव्ह' या एकाच फाइलीत एकत्र केलेल्या असतात. ती एकदा उघडली की काम भागते, आणि अनेक भाषांत समान असलेला भाग एकदाच साठविला जातो. सर्व भाषांसह ही फाइल १०० मेगाबाइटच्या घरात जाऊ शकते. तेवढी स्मृती खर्च होते, असा समज मात्र बरोबर नाही. फाइल संपूर्ण वाचली जात नाही; ज्या पानास हात लागेल तेवढेच, बहुधा ४,०९६ बाइटांचे, तबकडीवरून आणले जाते व ते इतर कार्यक्रमांनाही वापरता येते. खर्च होतो तो तबकडीवरील जागेचा, आणि भाषांत फेरबदल करताना सामायिक वहीस हात लावण्याचा. मराठी शाळेच्या जुन्या संगणकावर आइसलँडच्या भाषेचे नियम बाळगण्यात तसे प्रयोजनही नाही. म्हणूनच डेबियन प्रणालीत निवडलेल्या भाषांचेच संकलन करण्यात येते, तर फेडोरामध्ये भाषावार स्वतंत्र संच मिळतात.

अतिवेगासाठी तज्ज्ञ कधी कधी 'सी' हे मूळ लोकेल वापरतात. ते कार्यसंचातच अंतर्भूत असल्याने कोणतीही फाइल उघडावी लागत नाही, आणि वर्गीकरण अंकांच्या सरळ तुलनेने झटपट उरकते. मोठ्या यंत्रनोंदी लावताना हे योग्यच. परंतु लाभार्थ्यांची यादी लावताना काळे पुन्हा आधी येतात.

साठवणीपेक्षाही अधिक जपावयाची बाब निराळी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत अनुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस या माहितीसंचातील जुन्या सूची मात्र आधीच्याच क्रमाने रचलेल्या होत्या. प्रणाली अद्ययावत होताच शोध नव्या क्रमाने होऊ लागला आणि संचात असलेली नोंदही 'सापडत नाही' असे उत्तर येण्याची शक्यता निर्माण झाली. अशा वेळी मजकुरावर आधारलेल्या सूची नव्याने बांधाव्या लागतात. हे काम अद्ययावतीकरणानंतर, परंतु नव्या नोंदी घेण्यास प्रारंभ करण्यापूर्वी उरकावे लागते. अन्यथा एकच नाव दोनदा नोंदले जाऊ शकते.