उद्या ये, बाई

आपल्याकडे भुतांचीही लग्नाची चौकशी होते. अहेवपणी गेली ती जखीण, बाळंतपणात गेली ती अळवंत. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच गेला तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. बाईचं भूत नवऱ्याशी आणि मुलाशी बांधलेलं. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सैतानी सामरीने राजाला दिलेला शाप आठवून पाहा: घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. सूड राजावर, मरायचं मात्र बायकांनी!

भयविनोदी चित्रपटाने याच हिशेबाला हात घातला. नुसती भुताची टिंगल करायची तर ते फार्सवाल्यांना कधीच जमलं होतं. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त (१९९३) तात्या विंचू हा गुंड बाहुल्यात शिरतो. कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. मंत्राने जीव इकडून तिकडे हलतो, तोही एखाद्या गुंडाच्या हाती लागलेल्या मंत्राने. मांत्रिकाचा सगळा रुबाबच उतरला. तरी भुताच्या जगाचे नियम जागच्या जागी राहिले.

ते हलले अमर कौशिकच्या ‘स्त्री’त (२०१८). भिंतीवर ‘उद्या ये’ असं लिहून भुताला परतवायचं, ही युक्ती नव्वदच्या दशकात कर्नाटकात ‘नाळे बा’ म्हणून पसरली होती. चित्रपटाने ती मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली. तिथे पूजेच्या चार रात्री स्त्री पुरुषांना उचलते आणि मागे फक्त त्यांचे कपडे ठेवते. मग गावातले पुरुष अंधार पडायच्या आत घरी येऊ लागतात, एकटे बाहेर पडत नाहीत. आपल्या मुलींना रोज मिळणाऱ्या सूचना पुरुषांच्या तोंडी आल्या की थिएटर हसतं, आणि हसताना बाजूच्या खुर्चीतली बाई जरा जास्त हसते, असं माझं निरीक्षण.

‘स्त्री’चा नायक विकी हा बायकांचे कपडे शिवणारा शिंपी, हेही उगाच नाही. मापाच्या फितीशिवाय, नुसत्या नजरेने माप घेण्याबद्दल त्याची ख्याती. बाईला नजरेने मोजणाऱ्या गावात आता पुरुषाच्या पाठीवर कुणाची तरी नजर आहे. आणि ती झडप घालत नाही, नावाने हाक मारते. पुरुषाने वळून पाहिलं तरच नेते. गावातला रुद्र (पंकज त्रिपाठी) तिच्या या रीतीला सरळ संमतीचं नाव देतो. खुद्द गावाने मात्र तिला एवढंही विचारलं नव्हतं. ती गणिका होती. लग्नाच्याच रात्री गावकऱ्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला मारलं.

पुढच्या ‘स्त्री २’त (२०२४) मुंडकं नसलेला सरकटा स्वतंत्र विचारांच्या मुलींना पळवतो. धमाल आहे, पण मला तो पहिल्याहून बोथट वाटला: खलनायक इतका उघड झाला की गावाला आरशात पाहायची गरजच उरली नाही.

त्याच वर्षीचा आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ मला जास्त टोचला. कोकणातला हा पोरगा मुन्नी नावाच्या मुलीपायी वेडा. तिच्यासाठी बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यात स्वतःच मरतो. पिढ्या उलटल्या तरी त्याचं एकच पालुपद, लग्न! आता त्याला मुन्नीची नात बेला हवी. एकतर्फी प्रेमात नकार न ऐकणारा पोरगा आपल्या सिनेमाने वर्षानुवर्षं नायक म्हणून मिरवला. इथे तोच हट्ट केसाळ, दात विचकणाऱ्या भुताच्या अंगावर चढवला आहे. त्याच्यासमोरचा नायक बिट्टू भित्रा, आईच्या पार्लरमध्ये राबणारा; त्याचंही त्याच बेलावर प्रेम आहे, पण तो ते तिच्यावर लादत नाही. आणि मुंज्याचा किस्सा कुणाच्या घरातला? बिट्टूच्या आजीच्या (सुहास जोशी). बळी जाता जाता वाचलेली बहीण ती हीच.