पाच गोळ्यांचा हिशेब

चित्रपट पाहताना हसू आले की तो विनोदी चित्रपट, अशी आपली साधीसुधी समजूत असते, आणि बहुतेक वेळा तिच्यावर भागूनही जाते. पण हसण्यातही प्रकार असतात. केळीच्या सालीवरून कुणी घसरला की आपण हसतो. ते हसू तिथल्या तिथे संपते. उपरोधाचे हसू तसे नाही. तिथे आपण आधी हसतो आणि मग, 'अरे, यात हसण्यासारखं काय होतं?' असे आपले आपल्यालाच विचारतो. विनोद माणसाची गंमत करतो. उपरोध त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो.

अशाच एका चित्रपटाविषयी आज थोडे बोलायचे आहे. चित्रपट सर्बियातला, साल १९९८, दिग्दर्शक स्रजान द्रागोयेविच. नाव 'राने'. आपल्या रानावनांशी या नावाचा काही संबंध नाही बरं का! सर्ब भाषेत 'राना' म्हणजे जखम आणि 'राने' म्हणजे जखमा. भाषाशास्त्राचे अभ्यासक या शब्दाचे नाते संस्कृतातल्या 'व्रण' या शब्दाशी जोडतात. तेव्हा नाव तसे आपल्या गोत्रातलेच म्हणायचे.

ज्या देशाचे हे व्रण, तो देश आज नकाशावर नाही. युगोस्लाव्हिया हे त्याचे नाव मात्र आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक असे. १९६१ च्या सप्टेंबरात अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली ती त्याच्याच राजधानीत, बेलग्रेडला. पंडित नेहरू तिला गेले होते. यजमान होते मार्शल टिटो. सहा प्रजासत्ताकांचा तो मोठा संसार टिटोंनी 'बंधुता आणि ऐक्य' या घोषणेखाली एकत्र ठेवला होता. ४ मे १९८० रोजी ते वारले. पुढल्या दशकात कर्ज वाढले, महागाई वाढली, बेकारी वाढली. अशा वेळी लोकांना उत्तर हवे असते. आणि स्लोबोदान मिलोसेविच यांच्यासारख्या पुढाऱ्यांपाशी ते तयार होते : तुमच्या दैन्याचे कारण तुमचा शेजारी. सर्बांना क्रोएट दाखवला गेला, क्रोएटांना सर्ब. १९९१ साली युद्ध पेटले आणि वुकोव्हारकडे निघालेल्या रणगाड्यांवर बेलग्रेडच्या नागरिकांनी फुले उधळली.

फुले उधळणाऱ्यांच्या घरात पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. १९९२ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाने व्यापारबंदी लादली. १९९३ च्या अखेरीस पाचशे अब्ज दिनारांची एकच नोट छापावी लागली आणि १९९४ च्या जानेवारीत, एका महिन्यात, भाव सुमारे एकतीस कोटी टक्क्यांनी चढले! त्या नोटेवर चित्र होते योवान योवानोविच झ्माय यांचे. हा कवी सर्बियाच्या घराघरात ओळखला जातो तो लहान मुलांसाठी लिहिलेल्या कवितांमुळे. मुलांचा कवी नोटेवर, आणि नोटेला कागदाचीही किंमत नाही. उपरोध रचायला चित्रपटाची वाट पाहावी लागली नाही. तो सरकारी टांकसाळीतूनच बाहेर पडत होता.

अशा दिवसांत शिक्षकाचा, कारकुनाचा पगार हाती येईपर्यंत विरघळून जाई. पेट्रोल रस्त्याच्या कडेला डब्यांतून विकले जाई. पैसा दिसे तो तस्कराच्या हाती. त्यातून युद्धाची जोड मिळाली. काही मंडळी शनिवार-रविवार आघाडीवर जात आणि सोमवारी लुटीचे सामान घेऊन परत येत; 'आठवड्याच्या सुट्टीतले योद्धे' असेच नाव त्यांना पडले होते. अर्कान या नावाने ओळखला जाणारा झेल्यको राझ्नातोविच हा मूळचा बँका लुटणारा. तो आधी फुटबॉलप्रेमी टोळ्यांचा म्होरक्या झाला, मग स्वयंसेवक सैन्याचा सेनापती. १९९५ साली त्याचे लग्न झाले ते दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. चोराने राष्ट्राचा गणवेश चढवला की चोरी हा पराक्रम ठरतो. घरातले मूल हे सगळे पाहत असते.

'राने'ची कथा या मुलांची आहे. पिंकी आणि श्वाबा ही दोघे मित्र. पिंकीचा जन्म टिटो वारले त्याच दिवशीचा. म्हणजे १९९१ साली तो अकरा वर्षांचा आणि कथा संपते त्या १९९६ साली सोळा वर्षांचा. बाप लष्करातला अधिकारी. पण घरात तो आपल्याला दिसतो तो दूरचित्रवाणीसमोर बसून युद्धाच्या बातम्यांवर तावातावाने बोलताना. पोरगा कुठे जातो, काय करतो, याची त्याला शुद्ध नाही; राष्ट्राचे काय होणार याची मात्र भारी काळजी! पोरांना गुरू भेटतो तो गल्लीतला : कुरे नावाचा गुंड. त्याच्याकडे गाडी आहे, पैसा आहे, पिस्तूल आहे. ज्या शहरात मास्तर उपाशी आणि गुंड तुपाशी, तिथे शाळा कोणती निवडायची हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही.

शेवटाकडे येणारा प्रसंग तर विसरता येत नाही. श्वाबा भांडणाच्या भरात पिंकीला पाच गोळ्या घालतो. पिंकी वाचतो. मैत्री तर टिकवायची आहे. मग उपाय काय? पिंकीनेही श्वाबाला पाच गोळ्या घालायच्या, म्हणजे फिटंफाट! दोघे मित्र हा व्यवहार अगदी समजूतदारपणे करायला बसतात. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की हे गणित या पोरांनी शोधलेले नाही. 'त्यांनी आपले इतके मारले, आपले इतके येणे आहे' हे मोठ्यांनी पाच वर्षे सभांतून आणि पडद्यावरून शिकवले, तेच पोरांनी प्रामाणिकपणे सोडवून दाखवले. मोठ्यांच्या तोंडी त्याला इतिहास म्हणतात. पोरांच्या हाती तोच गुन्हा ठरतो. उपरोधाचे काम काय, तर हे दोन्ही हिशेब एकाच पाटीवर शेजारी शेजारी मांडणे.

पण एक अडचण आहे, आणि ती या जातीच्या सगळ्याच चित्रपटांची आहे. पडद्यावरचा गुंड रुबाबदार दिसतो. त्याची टर उडवायला जावे, तर समोरच्या बाकावरचा पोरगा त्याची चाल उचलतो. मग उपरोध कुठे गेला? द्रागोयेविच यांनी हा धोका ओळखून तो कथेतच गोवला आहे. चित्रपटात दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम आहे. त्यात एक बाई नामांकित गुंडांच्या मुलाखती घेते. आपल्याला तिथे बोलावणे यावे, हीच या दोन पोरांची सर्वांत मोठी आकांक्षा. हे केवळ कल्पनेतले नव्हते. १९९० नंतरच्या दशकात यान्को बाल्याक यांनी बेलग्रेडच्या खऱ्या गुन्हेगारांच्या मुलाखतींचा माहितीपट केला. 'भेटू मृत्युवार्तेच्या स्तंभात' अशा अर्थाचे त्याचे नाव. मुलाखत देणाऱ्यांपैकी कित्येक जण गोळ्यांनीच मेले.

म्हणजे कॅमेरा नुसता पाहत नाही. तो बक्षीसही देतो. 'राने' आपल्याला हसवतो आणि त्याच वेळी, या पोरांना टाळ्या कुणी दिल्या, असेही विचारतो. या प्रश्नातून आपली, प्रेक्षकांची, सुटका नाही. उपरोधी चित्रपट खरा की बेगडी हे ओळखायची खूणही इथेच सापडते. बेगडी चित्रपट बिघडलेल्या पोरांकडे बोट दाखवून आपल्याला सज्जन ठरवतो आणि घरी पाठवतो. खरा चित्रपट ते बोट हळूहळू फिरवतो : गुंडाकडून बापाकडे, बापाकडून पुढाऱ्याकडे, आणि शेवटी खुर्चीत बसलेल्या आपल्याकडे.

राष्ट्रावर प्रेम करणे यात वावगे काही नाही. पण पोटाला भाकरी, मुलाला शाळा आणि गुन्ह्याला न्याय देता येईनासा झाला की काही लोक त्या प्रेमाचे चलन छापू लागतात. आणि पाचशे अब्जांच्या नोटेची जी गत झाली तीच मग त्या शब्दाची होते. असा एखादा चित्रपट पाहण्यात आला, तर पोरांच्या हातातल्या पिस्तुलाकडे जरूर पाहा. पण त्यांच्या पाठीमागे, घरात, आरामात बसून टाळ्या कोण वाजवतो आहे, तिकडेही नजर टाकायला विसरू नका.