पांढरा पूल आणि जलरंग

जलरंगाच्या पेटींत पांढऱ्या रंगाला फारसें काम नसतें. या माध्यमांत उजेड हा कागदाचाच असतो. रंगाचा पातळ थर कागदावर पसरतो, कागदाचा पांढरेपणा त्या थरांतून डोळ्याकडे परततो, आणि चित्र उजळ दिसतें. तैलरंगांत काम करणारा चित्रकार अंधारावर मागाहून उजेड चढवूं शकतो. जलरंगांत ती सोय नाहीं. जेथें शुभ्रता हवी असेल तेथें आरंभापासूनच कागद मोकळा ठेवावा लागतो. हिरवी टेकडी किंवा तांबड्या विटांची भिंत रंगवितांना ही अट सौम्य वाटते. परंतु चित्राचा विषयच पांढऱ्या दगडाचा पूल असला, तर सारी कसोटी या एकाच अटीवर येऊन ठेपते. इटलींतील व्हेनिस शहराचा रिआल्टो पूल हा असा विषय आहे. तो रंगविण्यापेक्षां राखावयाचा असतो.

व्हेनिस हें खाजणांतील बेटांवर वसलेलें शहर. त्याच्या मधून ग्रँड कॅनल हा मोठा कालवा नागमोडी वाहतो, आणि १८५४ पर्यंत या कालव्यावर रिआल्टो हा एकच पूल होता. आरंभीचे पूल लांकडी होते. १४४४ मध्यें नौकांची मिरवणूक पाहण्यास जमलेल्या गर्दीच्या भारानें पूल कोसळला. पुन्हां बांधलेला पूलहि १५२४ मध्यें पडला. कार्पाच्चिओ या चित्रकारानें सुमारें १४९६ सालीं काढलेल्या एका चित्रांत हा दुसरा लांकडी पूल, उंच डोलकाठ्यांना वाट देण्यासाठीं मध्यभागीं उचलतां येणाऱ्या फळ्यांसह, स्पष्ट दिसतो. पूल गेला, चित्र राहिलें. आणि तो पूल कसा होता याचा मोठा पुरावा म्हणून आज त्या चित्राकडेच बोट दाखविलें जातें.

पुढें दगडी पुलासाठीं पाल्लाडिओसारख्या थोर स्थपतीनेंहि आराखडा केला होता. अखेर आंतोनिओ दा पोंते याचा आराखडा पत्करला गेला व १५८८ ते १५९१ या काळांत पूल उभा राहिला. दा पोंते यानें पाण्यांत एकहि खांब न घेतां सुमारें २८ मीटर गाळ्याची एकच कमान टाकली. दोन्ही कांठांच्या मऊ चिखलांत मिळून सुमारें १२,००० लांकडी डांब ठोकून त्यानें पाया धरला. हा पूल टिकणार नाहीं असें भाकीत स्कामोझ्झी या समकालीन स्थपतीनें केलें होतें. त्यास चार शतकें उलटून गेलीं, आणि पुलावरील दुकानांच्या दोन रांगांमधून व त्यांच्या दोन्ही अंगांनीं माणसांची वर्दळ आजहि चालूच आहे.

या इतिहासाचा चित्रकाराला उपयोग काय, असा प्रश्न सहज निघेल. उपयोग असा कीं, कमान आपला भार कोठें टाकते हें ज्याला कळलें, त्याच्या पेन्सिलीला रेघ कोठें पक्की असावी हेंहि कळतें. या कमानीचा सारा रेटा दोन्ही कांठांच्या पायांवर येतो. म्हणून रेखाटनांत प्रथम पाण्याची आडवी रेघ घ्यावी आणि कमान जेथून निघते ते दोन बिंदू निश्चित करावे. समोरून पाहतांना कमानीची उंची गाळ्याच्या सुमारें चतुर्थांश भरते. नवशिके ती नेहमीं अधिक उंच काढतात, आणि मग रिआल्टोऐवजीं भलताच पूल कागदावर उभा राहतो. दुसरी चूक दुकानांच्या रांगेंत होते. कठडा आणि पायऱ्या मध्याकडे चढत जातात, परंतु दुकानांचे खांब ओळंब्यांतच उभे असतात. कठड्याच्या उताराबरोबर खांबहि कलले, तर साऱ्या पुलाला भोवळ आल्यासारखी दिसते.

व्हेनिसच्या पाण्याला भरती-ओहोटी आहे. सुमारें सहा तासांत पातळी बदलते, आणि उधाणाच्या दिवसांत हा फरक जवळजवळ एक मीटरपर्यंत जातो. पातळी बदलली कीं कमान व तिचें प्रतिबिंब मिळून होणारा आकारहि बदलतो. यासाठीं पाण्याची रेघ एकदां ठरविली कीं ती हलवूं नये. उन्हाचीहि हीच गोष्ट. एका तासाची सावली घेऊन दुसऱ्या तासाचा उजेड तिच्याशेजारीं ठेवला, तर प्रत्येक भाग खरा असूनहि चित्र खोटें ठरतें.

रंगाला आरंभ आकाशापासून करावा. जाड कागद ओला करून फळीवर ताणून बसवावा आणि सुकल्यावर आकाशाचा हात द्यावा. कुंचला पुलाच्या कठड्याशीं येऊन थांबतो, आणि पुलावर एक थेंबहि न पडतां पूल पांढरा उभा राहतो. यानंतर सावल्या घ्याव्या. पांढऱ्या दगडाची सावली काळी नसते. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणानें जो राखी रंग होतो तो येथें पुरतो. आकाशाकडे तोंड असलेल्या सावलींत निळा अधिक ठेवावा, पाण्याकडे तोंड असलेल्या सावलींत तपकिरी. कमानीच्या पोटांत पाण्यावरून परतलेला उजेड खेळत असतो, म्हणून तें पोट दुरून वाटतें तितकें काळें नसतें. सार्जंट या अमेरिकन चित्रकारानें १९०९ च्या सुमारास पुलाच्या खालूनच एक जलरंगचित्र केलें, तें याच दृष्टीनें अभ्यासण्याजोगें आहे. प्रतिबिंबाविषयीं एक साधा नियम ध्यानांत असावा : उजळ वस्तूचें प्रतिबिंब वस्तूपेक्षां थोडें गडद असतें व गडद वस्तूचें थोडें उजळ.

आतां दगडावरील डाग. पुलाचा दगड इस्त्रियाच्या खाणींतला आहे. पावसाच्या माऱ्यांत तो धुवून पांढरा होतो. जेथें पाऊस पोंचत नाहीं, अशा कंगोऱ्यांखालीं तो काळवंडतो. म्हणून डाग मनास येईल तेथें शोभेसाठीं टाकूं नयेत. पाणी कोठून ओघळलें, कोठें अडलें, हें पाहून ते टाकावे, म्हणजे दगडाचें वय आपोआप दिसूं लागतें. २०१६ मध्यें पुरी झालेल्या दुरुस्तींत पूल स्वच्छ करण्यांत आला. त्यापूर्वींचीं प्रामाणिक चित्रें ही त्या जुन्या काजळीची नोंद होय.

पुलाशीं इमान राखण्याच्या वाटा मात्र अनेक आहेत. टर्नर १८१९, १८३३ आणि १८४० असा तीनदां व्हेनिसला गेला आणि त्याच्या जलरंगांत तेथील दगड उजेडांत विरून गेला. इमारती नष्ट होतील किंवा दुरुस्तींत बिघडतील या धास्तीनें रस्किन मात्र तेथील एकेक कोरीव पट्टी टिपून घेत असे. कनालेत्तोनें १७४० नंतरच्या दशकांत रिआल्टोच्या जागीं पाल्लाडिओचा न बांधलेला पूलच तैलरंगांत उभा केला. पण तें कल्पनाचित्र आहे हें त्यानें लपविलें नाहीं. फसवणूक होते ती खरा पूल म्हणून मनांतला पूल दाखविल्यानें.

महाराष्ट्रांतील काळ्या दगडाच्या पुलांना हाच नियम उलट बाजूनें लागतो. तेथें राखावयाचा पांढरेपणा दगडांत नसतो. तो कमानींतून दिसणाऱ्या आकाशांत आणि पावसानें भिजलेल्या कठड्याच्या चकाकींत असतो.

चित्र पुरें होत आलें कीं आणखी एक हात देण्याचा मोह होतो. गमावलेला उजेड चाकूनें खरवडून थोडासा परत मिळवितां येतो. पाण्यावरची एखादी चमक तेवढ्यानें साधते. परंतु उन्हांतल्या दगडाची रुंद, शांत शुभ्रता अशा रीतीनें परत येत नाहीं. ती आरंभापासून शेवटपर्यंत संभाळावी लागते.